रक्त टाकाऊ पदार्थ कसे वाहून नेते आणि ते शरीराबाहेर कसे पडतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील आकडे निरोगी प्रौढ व्यक्तीचे आहेत. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसे यांचे आकडे वेगळे असतात. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर छापलेली मर्यादा आणि इथली मर्यादा यांत थोडा फरक दिसला, तर रिपोर्टवरची मर्यादा धरावी.

रक्तातून नेमका कोणता कचरा वाहतो?

प्रत्येक पेशी इंधन जाळते, जुनी प्रथिने मोडते, नवी बांधते. त्यातून कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, युरिया, युरिक ॲसिड, क्रिएटिनिन आणि वेगवेगळी आम्ले तयार होतात. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन तयार होते. शिवाय काम संपलेले हार्मोन आणि औषधांचे अवशेष असतातच. शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते आणि विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. म्हणजे पायाच्या बोटातल्या पेशीने टाकलेला कचराही फार वेळ न दवडता मूत्रपिंडाच्या दारात पोहोचतो.

बाहेर जाण्याच्या मुख्य वाटा तीन. वायू फुप्फुसांतून जातो. पाण्यात विरघळणारे बहुतेक पदार्थ मूत्रपिंडांतून लघवीत जातात. पाण्यात न विरघळणारे पदार्थ यकृतातून पित्तरसात आणि तिथून शौचात जातात. रक्त स्वतः काहीच गाळत नाही, ते फक्त वाहक आहे. ही एक गोष्ट पक्की लक्षात राहिली तर पुढचे बरेच गैरसमज आपोआप गळून पडतात.

हे सगळे पदार्थ रक्तात विरघळूनच जातात का?

नाही, आणि रक्ताच्या कामातला खरा बारकावा इथेच आहे. युरिया आणि क्रिएटिनिन प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात, सरळ विरघळतात, त्यांना कोणाचा आधार लागत नाही. यकृतात पोहोचण्याआधीचे बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून प्रवास करते. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग रूप बदलून जातो. अमोनिया मेंदूला घातक असल्यामुळे स्नायू आणि मेंदू त्याला मोकळा सोडत नाहीत. ते त्याला ग्लुटामेटशी जोडून निरुपद्रवी ग्लुटामिन बनवतात आणि मग रक्तात सोडतात. स्नायू ॲलॅनिनच्या रूपातही नायट्रोजन यकृताकडे पाठवतात.

पदार्थ कसा वाहतो यावर तो कुठून बाहेर पडणार हे ठरते. अल्ब्युमिनचा रेणू मूत्रपिंडाच्या चाळणीतून सहसा जात नाही, त्यामुळे त्याला घट्ट चिकटलेला पदार्थही गाळला जात नाही. अशा पदार्थांना एकतर यकृताने उचलावे लागते किंवा मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींनी रक्तातून ओढून लघवीत टाकावे लागते.

कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांपर्यंत कसा पोहोचतो?

विश्रांतीत मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे दिवसाला जवळजवळ २९० लिटर. पेशीतून तो केशवाहिनीत येतो आणि बहुतांश तांबड्या पेशीत शिरतो. तिथे कार्बोनिक ॲनहायड्रेज नावाचे एन्झाइम त्याचा पाण्याशी संयोग घडवते. तयार झालेले कार्बोनिक ॲसिड लगेच हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट यांत फुटते. हायड्रोजन आयन हिमोग्लोबिन धरून ठेवते. बायकार्बोनेट प्लाझ्मात बाहेर पडते आणि त्याच्या बदल्यात क्लोराइड आत येते. एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७० टक्के असा बायकार्बोनेटच्या रूपात जातो, सुमारे २० ते २३ टक्के हिमोग्लोबिनच्या प्रथिनभागाला चिकटून आणि उरलेला ७ ते १० टक्के नुसता विरघळून.

फुप्फुसात ऑक्सिजन हिमोग्लोबिनला चिकटला की हीच साखळी उलटी फिरते आणि वायू उच्छ्वासातून निघून जातो. शिरांतल्या रक्तात त्याचा दाब सुमारे ४५ मिमी पारा असतो, धमन्यांत ४०. फरक जेमतेम ५ मिमीचा, पण कार्बन डायऑक्साइड सहज पसरतो म्हणून तेवढा पुरतो.

सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या दीर्घ आजाराच्या, तीव्र अवस्थेत हा वायू साठत जातो. सकाळी डोके दुखणे, दिवसा गुंगी, हात थरथरणे ही त्याची लक्षणे. अशा काही रुग्णांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो. म्हणून त्यांच्यासाठी ऑक्सिमीटरवरचे लक्ष्य बहुधा ८८ ते ९२ टक्के ठेवतात. घरी सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर असेल, तर ‘आकडा ९८ दिसावा’ म्हणून नॉब फिरवू नये.

युरिया कुठे तयार होतो? मूत्रपिंडात का?

यकृतात. ही प्रक्रिया हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्झेलाइट यांनी १९३२ मध्ये जर्मनीत मांडली. यकृत एक नायट्रोजन अमोनियाचा आणि एक ॲस्पार्टेट या अमिनो आम्लाचा घेऊन युरियाचा रेणू बांधते आणि तो रक्तात सोडते. मूत्रपिंड त्याला फक्त बाहेर काढते. त्यामुळे यकृत खूप खराब असेल तर रक्तातला युरिया उलट कमी दिसू शकतो. रिपोर्टवरचा कमी युरिया पाहून लगेच खूश होऊ नये.

दिवसाला ६० ग्रॅम प्रथिने खाल्ली तर त्यात साधारण ९.६ ग्रॅम नायट्रोजन असतो. वजन स्थिर असलेल्या माणसात जवळपास तेवढाच नायट्रोजन रोज बाहेर जातो आणि त्यातला बहुतेक युरियाच्या रूपात.

मूत्रपिंड रक्तातून कचरा वेगळा कसा काढते?

हृदयातून निघालेल्या रक्ताचा २० ते २५ टक्के हिस्सा, म्हणजे मिनिटाला एक लिटरहून थोडे जास्त रक्त, दोन मूत्रपिंडांना मिळतो. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नलिका, असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा झुबका असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. तिथे रक्तदाबाच्या जोरावर मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर द्रव गाळला जातो. दिवसाचे झाले १८० लिटर. आपल्या रक्तात प्लाझ्मा असतो जेमतेम ३ लिटर, म्हणजे तो सगळा दिवसातून ६० वेळा गाळून निघतो.

इथे एक गोष्ट उलटी वाटते. मूत्रपिंड बहुतेक कचरा निवडून बाहेर टाकत नाही. लहान रेणू असलेले सगळेच आधी बाहेर टाकते आणि मग हवे ते परत घेते. १८० लिटरपैकी ९९ टक्के पाणी परत रक्तात जाते आणि १ ते २ लिटर लघवी उरते. ग्लुकोज पूर्ण परत घेतले जाते, मात्र रक्तातली साखर १८० च्या आसपास किंवा वर गेली की ते लघवीत सांडू लागते. युरियाचा जवळजवळ निम्मा भाग परत जातो. युरिक ॲसिड तर ९० टक्के परत जाते. क्रिएटिनिन अजिबात परत घेतले जात नाही, उलट नलिकेच्या पेशी त्यात थोडी भर घालतात. म्हणूनच गाळण्याचा वेग मोजायला क्रिएटिनिन सोयीचे.

गाळण्याला दाब लागतो. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झाले, खूप रक्त गेले किंवा हृदय अशक्त असेल, तर मूत्रपिंड धडधाकट असूनही गाळणे मंदावते.

माझे क्रिएटिनिन १.२ आहे. नॉर्मल म्हणायचे ना?

वय आणि लिंग सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि ज्याचे स्नायू कमी त्याचे क्रिएटिनिन मुळातच कमी. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून गाळण्याचा वेग काढणाऱ्या, सध्या वापरात असलेल्या २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात १.२ हा आकडा घाला. ३० वर्षांच्या पुरुषाचा गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, सुमारे ८३ येतो. ७० वर्षांच्या स्त्रीचा येतो सुमारे ४९. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त काळ राहिला तर त्याला मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार म्हणतात. म्हणजे एकाच आकड्यावर एकजण ठीक आणि दुसरी आजारी.

क्रिएटिनिनची आणखी एक अडचण म्हणजे ते उशिरा बोलते. गाळण्याची क्षमता निम्म्यावर येईपर्यंत अनेकांचा आकडा छापील मर्यादेतच राहतो. त्यामुळे मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल तर एकट्या क्रिएटिनिनवर विसंबू नये. सोबत लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासावे. ते ३० मिलिग्रॅम प्रतिग्रॅमच्या आत हवे. चाळणीला भोक पडल्याची खबर हीच तपासणी पहिल्यांदा देते.

युरिया वाढला आहे, पण क्रिएटिनिन ठीक आहे. हे कसे?

पाणी कमी पडले की नलिका पाण्याबरोबर युरियाही जास्त ओढून घेतात, म्हणून तो आधी चढतो. स्टिरॉइड, तीव्र ताप आणि प्रथिनांची पावडर यांनीही चढतो. एक कारण मात्र चुकवू नये: जठरात किंवा लहान आतड्यात रक्तस्राव. आतड्यात सांडलेले रक्त प्रथिनासारखे पचते आणि त्याचा युरिया होतो. शौच डांबरासारखे काळे, चिकट होत असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण त्याला तसा चिकटपणा आणि उग्र वास नसतो.)

रिपोर्ट वाचताना ‘ब्लड युरिया’ आणि ‘बीयूएन’ (युरियातला फक्त नायट्रोजन) यांत गल्लत करू नका. बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. एका प्रयोगशाळेतला १५ आणि दुसरीतला ३२ हे एकच असू शकतात.

रक्त देताना काय चुकले की आकडे बिघडतात?

पोटॅशियमचा आकडा सगळ्यात लवकर बिघडतो. हाताला पट्टी खूप वेळ आवळून ठेवली, मूठ वारंवार उघडमीट केली किंवा सुईत रक्त जोरात ओढून पेशी फुटल्या, तर पेशींतले पोटॅशियम बाहेर येते आणि आकडा खोटाच जास्त दिसतो. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर नमुना पुन्हा द्यावा. क्रिएटिनिनच्या आदल्या रात्री भरपूर मटण खाल्ले किंवा जिममधली क्रिएटिन पावडर चालू असेल तर आकडा वाढलेला येऊ शकतो. अमोनियाचा नमुना बर्फावर ठेवून लगेच तपासावा लागतो. तो तासभर तसाच राहिला तर रिपोर्ट निरुपयोगी. बिलिरुबिनचा नमुना उजेडात राहिला तर आकडा कमी येतो. लघवीतल्या अल्ब्युमिनसाठी सकाळची पहिली लघवी उत्तम. ताप, पाळी, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीचा दमछाक करणारा व्यायाम असेल तर ती तपासणी पुढे ढकलावी.

कावीळ झाली की रक्तात काय साठते?

बिलिरुबिन. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, मग प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला मोडतात. लोह परत वापरात जाते. उरलेल्या भागातून रोज २५० ते ३०० मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होते. ते अल्ब्युमिनला चिकटून यकृतात येते. यकृत त्याला ग्लुकुरोनिक ॲसिड जोडून पाण्यात विरघळेल असे करते आणि पित्तरसात सोडते. आतड्यातले जिवाणू त्यातून पुढचे रंग बनवतात. शौचाचा तपकिरी आणि लघवीचा पिवळा रंग तिथूनच येतो.

म्हणून कावीळ झाल्यावर डोळ्यांच्या पिवळेपणाइतकेच लघवी आणि शौच पाहणे महत्त्वाचे आहे. लघवी गडद, चहासारखी, शौच पांढुरके मातकट आणि अंगाला खाज असेल, तर पित्ताची वाट कुठेतरी अडली आहे. खडा असेल किंवा गाठ, सोनोग्राफी लगेच करावी. डोळे पिवळे, पण लघवीत बिलिरुबिन नाही आणि शौचाचा रंग नेहमीचा, असे असेल तर तांबड्या पेशी जास्त मोडत आहेत किंवा गिल्बर्टसारखी निरुपद्रवी स्थिती आहे, कारण अल्ब्युमिनला चिकटलेले बिलिरुबिन लघवीत उतरत नाही. कावीळ उतरवण्यासाठी नाकात थेंब टाकणे, हातावर डाग देणे, माळ घालणे यांनी अडलेला खडा हलत नाही. त्यात गेलेले दिवस मात्र परत येत नाहीत.

नवजात बाळाच्या यकृताची जोडणी करण्याची क्षमता सुरुवातीला कमी असते. बिलिरुबिन फार वाढले तर ते मेंदूत शिरून कायमची इजा करते. निळ्या प्रकाशाचा दिवा त्वचेतल्या बिलिरुबिनचा आकार बदलतो आणि ते जोडणीशिवायच बाहेर पडू शकते. कोवळे ऊन त्याची जागा घेऊ शकत नाही. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, तळपायापर्यंत पोहोचलेला पिवळेपणा, सुस्त बाळ, दूध न ओढणे किंवा पांढरे शौच दिसले, तर वाट पाहू नये.

यकृत निकामी झालेला माणूस असंबद्ध का बोलतो?

आतड्यातले जिवाणू प्रथिनांपासून अमोनिया बनवतात. तो एरवी यकृतात थांबतो. यकृत आकसले की रक्त त्याला वळसा घालून जाते आणि अमोनिया मेंदूत पोहोचतो. झोपेची वेळ उलटणे, अक्षर बिघडणे, पुढे केलेले पंजे फडफडणे ही सुरुवात. याला निमित्त बहुधा बद्धकोष्ठता, रक्तस्राव, संसर्ग किंवा झोपेच्या गोळ्या यांपैकी एखादे असते. लॅक्टुलोज हे शौच मऊ करणारे औषध दिवसाला दोन ते तीन मऊ शौच होतील इतके घ्यायचे. कमी घेतले तर उपयोग नाही आणि जास्त घेऊन जुलाब लागले तर पाणी कमी होऊन आजार वाढतो. अशा रुग्णाची डाळ, दूध बंद करण्याची जुनी पद्धत आता सोडून दिली आहे, कारण स्नायूही अमोनिया शोषून घेतात आणि उपासाने ते झडतात.

युरिक ॲसिड वाढले की लगेच गोळी घ्यावी का?

सांधेदुखी नसेल, खडे नसतील, तर बहुतेकांना लागत नाही. साधारण ६.८ च्या वर ते रक्तात विरघळलेले राहू शकत नाही आणि स्फटिक होऊ लागतात, पण वाढलेल्या सगळ्यांनाच गाउट, म्हणजे या स्फटिकांमुळे होणारी सांधेदुखी, होत नाही. शरीरातले दोन तृतीयांश युरिक ॲसिड मूत्रपिंडांतून जाते, उरलेले आतड्यातून. दारू, विशेषतः बिअर, आणि साखरेची शीतपेये कमी करणे हे डाळ सोडण्यापेक्षा जास्त उपयोगी.

व्यायामाने लॅक्टिक ॲसिड साठते, ते कचराच ना?

नाही. लॅक्टेट रक्तातून यकृतात जाते आणि तिथे त्याचे पुन्हा ग्लुकोज होते. हृदय तर ते इंधन म्हणून जाळते. दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीशी त्याचा संबंध नाही.

भरपूर पाणी, घाम किंवा डिटॉक्स पेयांनी रक्त साफ होते का?

पाण्याने लघवी पातळ होते, गाळण्याचा वेग वाढत नाही. रोजचा विरघळलेला कचरा बाहेर न्यायला मूत्रपिंडाला किमान ५०० मिलिलिटर लघवी लागते. ज्यांना मुतखडे होतात त्यांनी दिवसाला २ ते २.५ लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. हृदय कमजोर असेल किंवा लघवी कमी होत असेल तर हाच सल्ला धोक्याचा ठरतो. घामातून युरिया जातो, पण अगदी थोडा. घामाचे काम अंग थंड ठेवणे.

‘रक्तशुद्धी’ची औषधे घ्यावीत का?

रक्त साफ करणारे अवयव दोन-तीनच आहेत आणि त्यांचे काम कोणतेही सिरप करत नाही. मुरुम, खाज, गळवे यांची कारणे त्वचेत, हार्मोनमध्ये किंवा संसर्गात असतात. बिनलेबलच्या पुड्या आणि नीट न बनवलेली भस्मे यांत पारा, शिसे किंवा आर्सेनिक निघू शकते. हे धातू त्याच मूत्रपिंडाला इजा करतात ज्याने रक्त स्वच्छ ठेवायचे आहे. आधीच काही घेत असाल तर बाटली, पुडी डॉक्टरांना दाखवा, लपवू नका.

दुकानातून सहज मिळणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्याही इतक्याच महत्त्वाच्या. त्या मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी आकसवतात. रक्तदाबाची काही औषधे आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना, त्यात जुलाब लागलेले असताना ही गोळी घेतली, तर एक-दोन दिवसांत लघवी कमी होऊ शकते. उलट, रक्तदाबाची ‘-प्रिल’ किंवा ‘-सार्टन’ गटातली गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे, साधारण ३० टक्क्यांपर्यंत, वाढले तर घाबरून ती स्वतःहून थांबवू नये. ती चाळणीवरचा दाब कमी करते आणि दीर्घकाळात मूत्रपिंड वाचवते.

डायलिसिसमध्ये रक्त कसे स्वच्छ होते?

नेदरलँड्समधल्या कांपेन गावी विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये सेलोफेनच्या नळ्यांचे पहिले कामचलाऊ यंत्र वापरले. तत्त्व आजही तेच आहे. डायलायझरमध्ये केसासारख्या हजारो पोकळ धाग्यांतून रक्त वाहते, बाहेरून उलट्या दिशेने क्षारयुक्त पाणी. युरिया आणि पोटॅशियम पडद्यातून पाण्यात जातात, पाण्यातले बायकार्बोनेट रक्तात येते. रक्ताचा वेग मिनिटाला साधारण २५० ते ३५० मिलिलिटर, पाण्याचा ५००. चार तासांत १२० लिटर पाणी लागते. ते आरओमधून काढलेले हवे, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरामाइन धाग्यांतून रक्तात शिरून तांबड्या पेशी फोडते.

आठवड्याला चार-चार तासांच्या तीन बैठका म्हणजे १२ तास. निरोगी मूत्रपिंड १६८ तास काम करते. म्हणून तीनाऐवजी दोन बैठका घेणे किंवा तासभर आधी उठणे महागात पडते. एका बैठकीत युरिया किमान ६५ टक्के उतरायला हवा. आपला आकडा केंद्रात विचारून घ्यावा, तो रुग्णाचा हक्क आहे. फॉस्फेट आणि अल्ब्युमिनला चिकटलेले विषारी पदार्थ यंत्राने नीट निघत नाहीत, म्हणून जेवणाबरोबर फॉस्फेट बांधणाऱ्या गोळ्या आणि पथ्य राहतेच.

फिस्टुला, म्हणजे यंत्राकडे रक्त नेण्यासाठी केलेली हातातली धमनी आणि शीर यांची जोडणी, पिकायला ६ ते ८ आठवडे किंवा जास्त लागतात. डायलिसिस लागणार हे कळताच ती करून घ्यावी. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, सुई टोचू देऊ नये, घट्ट बांगडी किंवा घड्याळ घालू नये. रोज सकाळी बोट ठेवून थरथर तपासावी. थरथर थांबली तर त्याच दिवशी केंद्रात जावे, काही तासांत गुठळी काढली तर फिस्टुला वाचू शकतो.

पोटाचे डायलिसिस हा दुसरा मार्ग. बहुधा पोटात सोडायच्या द्रवाच्या २ लिटरच्या पिशव्या दिवसातून तीन-चार वेळा बदलतात, ते घरीच होते. बाहेर आलेले पाणी गढूळ दिसले किंवा पोट दुखले तर पिशवी टाकून न देता ती घेऊन रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, पात्रता रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे विचारावी.

मूत्रपिंड कमजोर असताना खाण्यात सगळ्यात मोठी चूक कोणती?

‘आरोग्यदायी’ समजून घेतलेले पोटॅशियम. शहाळ्याचे पाणी, फळांचे रस, सुकामेवा, आणि सगळ्यात फसवे म्हणजे कमी सोडियमचे मीठ. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड असते. वाढलेले पोटॅशियम हृदय थांबवू शकते आणि आधी काही सांगत नाही. सैंधवाने मीठ कमी होत नाही, तेही सोडियम क्लोराइडच. बटाटा आणि पालेभाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले की बरेच पोटॅशियम जाते. करंबळ, म्हणजे बाजारात स्टार फ्रूट किंवा कमरख म्हणून मिळणारे फळ, पूर्ण टाळावे. त्यातले मज्जातंतूंना घातक द्रव्य निरोगी मूत्रपिंड बाहेर काढते, पण आजारी मूत्रपिंडाच्या माणसाला एखाद्या फळानेही न थांबणारी उचकी, भ्रम आणि झटके येऊ शकतात.

मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी तपासणी करावी का?

घरात कोणाला मूत्रपिंडाचा आजार असेल, वारंवार मुतखडे होत असतील किंवा वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेतल्या असतील, तर हो. गोव्यातल्या काणकोण तालुक्यात मधुमेह आणि रक्तदाब नसलेल्या लोकांतही हा आजार आढळला आहे, अशा भागांत राहणाऱ्यांनीही. क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन या दोन तपासण्या पुरतात. टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्या दिवसापासून त्या वर्षातून एकदा कराव्यात, टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर. बिघाड आढळला तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासून खात्री करावी, आणि जुने सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून डॉक्टरांकडे न्यावेत.